व्हॅन ॲलन प्रोब्जचा खुला डेटा: माल बाहेरून आलेला की तिथेच तयार झालेला?

वस्तू: पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सर्ग पट्ट्यांत फिरलेल्या दोन यानांची मोजमापं. वापर: साधारण चार महिने, बहुतेक रात्रपाळीत. किंमत: शून्य. नोंदणी नाही, पासवर्ड नाही. कोणीही उघडावं आणि घ्यावं.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे परीक्षण कोणत्या नजरेतून लिहिलंय ते कळेल. मी संशोधक नाही. भूस्थिर कक्षेतल्या एका उपग्रहाच्या नियंत्रण कक्षात पाळीवर बसते. आमच्या धंद्यात 'किलर इलेक्ट्रॉन' हा शब्द रोज तोंडात असतो. दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे एक एमईव्ही किंवा त्याहून जास्त ऊर्जेचे हे इलेक्ट्रॉन उपग्रहाच्या ॲल्युमिनियमच्या कातडीतून आत घुसतात, केबलच्या इन्सुलेशनमध्ये रुतून बसतात, तिथे भार साठत जातो आणि एका क्षणी आतल्या आत ठिणगी पडते. त्या ठिणगीला यंत्रणा कमांड समजून बसते.

एका रात्री नेमकं हेच झालं. सौर वादळ येऊन गेलं होतं, सगळं शांत झालं होतं, आणि दोन दिवसांनी उपग्रहावरच्या एका इलेक्ट्रॉनिक बॉक्सने आपणहून रीसेट घेतला. कमांडच्या नोंदवहीत काहीच नाही. शेजारी बसलेल्या नव्या सहकाऱ्याने विचारलं, "मॅडम, वादळ तर परवाच संपलं. मग हे इलेक्ट्रॉन आत्ता कुठून आले?"

मी "सूर्याकडून" असं ठोकून दिलं. पाळी संपता संपता लक्षात आलं की हे उत्तर साफ चूक आहे. सौर वाऱ्यातला इलेक्ट्रॉन जेमतेम १० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या घरातला. आम्हाला छळणारा त्याच्या लाखपट. सूर्याने कच्चा माल पाठवला असेल, पण हा पक्का माल कोणी आणि कुठे केला? या एका प्रश्नापायी मी हा डेटा उघडला, आणि परीक्षणही त्या एकाच कामापुरतं आहे.

वस्तूची ओळख थोडक्यात. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या जोरदार कणांचे तिच्याभोवती दोन पट्टे आहेत, आतला आणि बाहेरचा. त्यांचा अभ्यास करायला ३० ऑगस्ट २०१२ रोजी केप कॅनव्हेरलवरून दोन जुळी यानं सोडली. तेव्हा नाव वेगळं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांना जेम्स व्हॅन ॲलन यांचं नाव दिलं. याच व्हॅन ॲलन यांचा गायगर काउंटर १९५८ मध्ये एक्सप्लोरर-१ वर गेला होता आणि वर गेल्यावर अधूनमधून शून्य दाखवत होता. कण नव्हते म्हणून शून्य नाही, कण इतके होते की काउंटर गुदमरला म्हणून शून्य. (आमच्या नव्या ऑपरेटरांना मी ही गोष्ट हमखास सांगते. पडद्यावर शून्य दिसलं की आधी उपकरणावर संशय घ्यायचा.) दोन्ही यानं नऊ तासांत एक प्रदक्षिणा करायची, खाली सुमारे ६०० किलोमीटर आणि वर सुमारे ३०,५०० किलोमीटर. म्हणजे दर फेरीत पट्टा आरपार दोनदा, आणि यानं दोन. हमी दोन वर्षांची होती, चालली सात वर्षं: एक जुलै २०१९ मध्ये बंद केलं, दुसरं ऑक्टोबर २०१९ मध्ये. किरणोत्सर्गाच्या ऐन भट्टीत सात वर्षं! टिकाऊपणाला पैकीच्या पैकी गुण.

आता मुद्द्याचं. बाहेरच्या पट्ट्यातले इलेक्ट्रॉन येतात कुठून, यावर कित्येक वर्षं दोन पक्ष भांडत होते. एक म्हणायचा, माल बाहेरून येतो. पृथ्वीच्या चुंबकीय शेपटाकडचे (सौर वाऱ्याने पृथ्वीचं क्षेत्र रात्रीच्या बाजूला लांब ताणलेलं असतं, ते शेपूट) इलेक्ट्रॉन मंद, मिनिटामिनिटांच्या चुंबकीय हेलकाव्यांवर स्वार होऊन आत सरकतात. आत चुंबकीय क्षेत्र जास्त जोरदार, त्यामुळे आत येता येता त्यांची ऊर्जा वाढते. हिशोब सरळ आहे: पृथ्वीच्या दहा त्रिज्यांवरून पाच त्रिज्यांवर आलं की क्षेत्र साधारण आठपट होतं आणि इलेक्ट्रॉनचा संवेग आठच्या वर्गमुळाइतका, म्हणजे पावणेतीन पटीहून थोडा जास्त वाढतो. याला रेडियल डिफ्युजन म्हणतात. दुसरा पक्ष म्हणायचा, माल तिथेच तयार होतो. पट्ट्याच्या पोटातच 'कोरस' नावाच्या रेडिओ लहरी आहेत, त्या इलेक्ट्रॉनच्या घिरट्यांच्या तालाशी ताल जुळवतात आणि त्याला ऊर्जा देत सुटतात.

दोन्ही गोष्टी ऐकायला तितक्याच पटतात, आणि नुसत्या फ्लक्सच्या, म्हणजे उपकरणावर येणाऱ्या कणांच्या ओघाच्या, आलेखावरून दोघांपैकी कोणालाही खोटं पाडता येत नाही. हे मला माहीत नव्हतं. आमच्या कन्सोलवर रात्रंदिवस फ्लक्सच दिसतो: दोन एमईव्हीच्या वरचे इलेक्ट्रॉन किती, आकडा १,००० च्या पुढे गेला की इशारा. वर्षानुवर्षं मी त्याच रेषेवर भरवसा ठेवून बसले होते.

ती रेषा फसवते. वादळाच्या वेळी पृथ्वीभोवती वलयासारखा फिरणारा विद्युतप्रवाह वाढतो, आतलं चुंबकीय क्षेत्र ढिलं पडतं, इलेक्ट्रॉन बाहेर फुगतात आणि त्यांची ऊर्जा उतरते. तुम्ही एकाच ठिकाणी, एकाच ऊर्जेवर डोळा लावून बसलेला असता, म्हणून तुम्हाला वाटतं इलेक्ट्रॉन गेले. वादळ ओसरतं, क्षेत्र घट्ट होतं, ते परत जागेवर येतात, आणि तुम्हाला वाटतं नवे आले. गेलं कोणी नाही, आलंही कोणी नाही. गर्दीतला माणूस वाकला म्हणून दिसेनासा झाला, इतकंच.

यावर उपाय म्हणजे फेज स्पेस डेन्सिटी. नाव जड आहे, काम साधं: फ्लक्सला संवेगाच्या वर्गाने भागायचं, आणि जागा व ऊर्जा यांच्याऐवजी इलेक्ट्रॉनच्या फिरण्याचे जे तीन गुण सहजासहजी बदलत नाहीत, त्यांच्या हिशोबाने मांडायचं. हे तीन गुण त्याच्या तीन चालींमधून येतात: बळरेषेभोवती घिरटी, मिलिसेकंदांत, उत्तर-दक्षिण उसळी, सेकंदाच्या आत, आणि पृथ्वीभोवती फेरी, एक एमईव्हीच्या इलेक्ट्रॉनला भूस्थिर कक्षेच्या आसपास साधारण दहा मिनिटांत. अशी मांडणी केली की फुगणं-आकसणं आपोआप वजा होतं. उरतं ते खरं येणं-जाणं. तिसऱ्या गुणाला एल-स्टार म्हणतात; ढोबळमानाने तो पृथ्वीपासूनचं अंतर सांगतो, पृथ्वीच्या त्रिज्यांमध्ये.

मग कसोटी एका ओळीत मावते. माल बाहेरून येत असेल तर बाहेर घनता जास्त आणि आत कमी. आलेख बाहेरच्या बाजूला चढता. माल तिथेच तयार होत असेल तर मधेच उंचवटा आणि दोन्हीकडे उतार.

मी तारीख घेतली ८-९ ऑक्टोबर २०१२. हा दिवस या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. जेफ्री रीव्हज आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये याच दिवसांवर लिहिलं, आणि रिचर्ड थॉर्न यांच्या गटाने त्याच वर्षी 'नेचर'मध्ये. उत्तर आधीच छापलेलं आहे, म्हणजे माझं चुकलं तर मला कळेल, हा हिशोब.

आणि चुकलंच, दोनदा.

पहिली चूक बाळबोध. पहिला आलेख काढला तर सगळी सरासरी पाताळात, उणे एकावर एकतीस शून्यं अशा आकड्यांच्या आसपास. अर्धी रात्र सूत्र तपासत बसले. निघालं असं की जिथे मोजणी नाही तिथे फाइलमध्ये तो आकडा भरलेला असतो, 'इथे काही नाही' एवढंच सांगायला. मी तो खराच आकडा समजून सरासरीत ओतला होता. ज्या पोर्टलवरून फाइली उतरवल्या त्याच्या मदतपानावर हे लिहिलेलं होतं, पण चौथ्या दुव्याच्या आत. पोर्टलचं नाव लिहीत नाही. कोणत्याही पोर्टलवर हीच परंपरा भेटेल. नवीन माणसाने डेटा हातात घेताच आधी ते उणे आकडे हाकलावेत.

दुसरी चूक शिकवून गेली. एल-स्टार काढायला चुंबकीय क्षेत्राचं मॉडेल लागतं. मी आळस केला आणि साधा द्विध्रुव घेतला, शाळेतल्या पट्टीचुंबकासारखा. आलेखात पाचच्या आसपास सुंदर उंचवटा आला. मी खूश. सहकाऱ्याला दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "पण मॅडम, हा तर वादळाच्या आधीचा शांत दिवस आहे. आणि बाहेर जातानाची रेघ परत येतानाच्या रेघेवर का बसत नाही?"

बरोबर. शांत दिवशी यान बाहेर जाताना आणि आत येताना एकाच एल-स्टारवर एकच आकडा मिळायला हवा. मिळत नसेल तर मॉडेल चुकतंय, आणि उंचवटा इलेक्ट्रॉनने नाही, मी तयार केलाय. त्सिगानेंको यांचं वादळी परिस्थितीसाठीचं मॉडेल घातलं, तेव्हा दोन रेघा एकमेकींवर बसल्या आणि माझा लाडका उंचवटा विरघळला. या डेटासोबत संशोधक गटांनी अशा मॉडेलांवरून आधीच काढलेल्या चुंबकीय स्थानांच्या फाइली दिलेल्या आहेत. त्या घ्या. माझ्यासारखं स्वतः करायला जाऊ नका.

त्यानंतर ८-९ ऑक्टोबर उघडलं, आणि तिथे मात्र जे दिसलं त्यासाठी चार महिने वसूल. एक यान जातं, रेघ काढतं. काही तासांनी दुसरं जातं, त्याची रेघ वर. मग पहिलं परत येतं, अजून वर. एल-स्टार चारच्या जरा पुढे उंचवटा उठतो आणि लॉग अक्षावर शिडी चढावी तसा चढत जातो. बाहेरच्या बाजूला घनता कमीच. माल बाहेरून येत असता तर बाहेरचं गोदाम आधी भरलेलं दिसायला हवं होतं. ते रिकामं, आणि आत ढीग वाढतोय.

इथे दोन यानांचं महत्त्व कळतं. एकच यान असतं तर विरुद्ध पक्ष म्हणाला असता: आधी बाहेरून भरपूर आलं, मग बाहेरचं नष्ट झालं, मधलं शिल्लक राहिलं, म्हणून उंचवटा दिसतोय. हा युक्तिवाद खरोखर होत असे आणि एका यानाने तो खोडता येत नसे, कारण ते काही तासांनी परत येईपर्यंत काहीही घडून गेलेलं असतं. पण उरलेला ढीग वाढत नाही. हा वाढत होता, आणि दोन यानांच्या पाठोपाठच्या फेऱ्यांमुळे तो वाढताना पकडता आला.

आता कोरस. या पॅकेजमधला माझा सगळ्यात आवडता भाग. लहरी मोजणाऱ्या उपकरणाचा डेटा आवाजात बदलून ऐकता येतो, आणि त्यासाठी वारंवारता वरखाली करावी लागत नाही. पाच त्रिज्यांवर इलेक्ट्रॉन सेकंदाला साधारण ७,००० घिरट्या घेतो. कोरसचा खालचा पट्टा त्याच्या दहाव्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत, म्हणजे ७०० ते ३,५०० हर्ट्झ. आपल्या कानाच्या अगदी मधोमध. हेडफोन लावले की पहाटेचा किलबिलाट: प्रत्येक शीळ सेकंदाचा काही भाग टिकते आणि वर चढत जाते. आणि कोरस खरोखरच पृथ्वीच्या पहाटेच्या बाजूला जास्त असतो, हा योगायोग मला फार आवडला. आलेखात बघितलं तर घिरट्यांच्या बरोबर निम्म्या वारंवारतेवर एक रिकामी फट, वर एक पट्टा, खाली एक पट्टा, मधे कोणी पुसून काढल्यासारखं.

ही शीळ ऊर्जा देते कशी? ती स्वतः दलाल आहे. शेपटाकडच्या उपवादळांतून, म्हणजे छोट्या चुंबकीय उलथापालथींतून, काही दहा हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचे इलेक्ट्रॉन आत फेकले जातात. त्यांच्या ऊर्जेवर कोरस पोसला जातो. त्याच लोंढ्यात काही लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचे थोडे इलेक्ट्रॉन असतात. कोरस त्यांना उचलून एमईव्हीत नेऊन ठेवतो. अनेकांकडून थोडं घ्यायचं, मोजक्यांना खूप द्यायचं. आणि याला वेळ लागतो, काही तासांपासून दीड दिवसापर्यंत. आमचा बॉक्स वादळाच्या दिवशी न बिघडता दोन दिवसांनी का बिघडला, त्याचा धागा इथे मिळाला. जी. ए. पॉलिकास आणि जे. बी. ब्लेक यांनी १९७९ मध्येच दाखवलं होतं की भूस्थिर कक्षेतले इलेक्ट्रॉन सौर वाऱ्याच्या वेगामागोमाग एक-दोन दिवसांनी वाढतात. नियंत्रण कक्षात आम्ही हे अनुभवाने जाणतो. आता त्यामागचा कारखाना बघितला.

उणी बाजूही सांगते. कोरस सगळीकडे किती आहे हे दोन यानांना कळत नाही; ती जिथे आहेत तिथलंच कळतं. थॉर्न यांच्या गटाने त्यासाठी ध्रुवीय कक्षेतल्या हवामान उपग्रहांवर झरणाऱ्या इलेक्ट्रॉनवरून उलटा अंदाज बांधला, तेव्हा कुठे त्यांची गणितं प्रत्यक्षाशी जुळली. म्हणजे हा डेटा एकट्याने पुरत नाही. यानं ५.८ त्रिज्यांच्या पलीकडे जातच नाहीत. आमचा उपग्रह ६.६ वर. आमच्या दारात काय चाललंय ते यात दिसणार नाही. लहरींचं पूर्ण बारकाव्याचं रेकॉर्डिंग तुकड्यातुकड्यांत आहे, अखंड नाही. हवी ती वेळ नेमकी गळलेली असते. मध्यम ऊर्जेच्या उपकरणाचा डेटा घेताना पार्श्वभूमी वजा केलेली आवृत्तीच घ्या, नाहीतर आतल्या पट्ट्यातले प्रोटॉन उपकरणात घुसून इलेक्ट्रॉनचं सोंग घेतात. ती वजाबाकी केल्यावरच कळलं की सुरुवातीच्या वर्षांत आतल्या पट्ट्यात एमईव्हीचे इलेक्ट्रॉन जवळपास नव्हतेच.

आणखी एक इशारा. ऑक्टोबर २०१२ बघून 'कोरस जिंकला, बाकी सगळे हरले' असं बोलू नका. मी तसं एका बैठकीत बोलले आणि तोंडघशी पडले. तयार झालेला ढीग आत-बाहेर पसरवायचं काम रेडियल डिफ्युजनच करतं, आणि आत ढकललेल्यांची ऊर्जा आणखी वाढवतं. तिसरा एक मार्ग पूर्ण वेगळा: सौर वाऱ्यातली धक्कालहर थेट आदळते आणि मिनिटांत काम उरकते. २४ मार्च १९९१ ला सीआरआरईएस उपग्रहाने हे बघितलं, १३ एमईव्हीच्या वरचे इलेक्ट्रॉन अडीच त्रिज्यांच्या आसपास, डोळ्यांदेखत. १७ मार्च २०१५ चा धक्का या जुळ्या यानांनीही पकडला. सात एमईव्हीपर्यंत कोरस एकट्याने नेतो का, यावरही वाद होता. २०२१ मध्ये हेली ॲलिसन आणि सहकाऱ्यांनी याच डेटावरून दाखवलं की नेतो, पण आजूबाजूचा थंड प्लाझ्मा (भारित कणांचा वायू) दर घन सेंटिमीटरला १० कणांच्याही खाली विरळ झाला असेल तेव्हाच.

मोठं वादळ म्हणजे जास्त इलेक्ट्रॉन, हाही आमच्या कक्षातला लाडका समज. १९८९ ते २००० मधल्या २७६ वादळांचा रीव्हज यांचा जुना हिशोब आहे: ५३ टक्के वादळांत इलेक्ट्रॉन वाढले, १९ टक्क्यांत घटले, उरलेल्यांत फारसा फरकच नाही. कारखाना आणि गळती एकाच वेळी चालू असतात. हे वाचल्यापासून वादळाच्या आकड्यावरून ओरडायचं मी सोडलंय.

कोणी घ्यावं? ज्याला पायथनचं तोंडओळखीपुरतं ज्ञान आहे आणि आठवडाभर चुका करायची तयारी आहे त्याने. ज्याला आज रात्री काय होणार ते हवंय त्याच्या उपयोगाचा नाही. यानं २०१९ मध्येच थांबली. पुढच्या काळासाठी जपानचा आरासे उपग्रह आहे, डिसेंबर २०१६ मध्ये सोडलेला. तो अजून मी उघडलेला नाही.

सुरुवात मात्र सप्टेंबर २०१२ पासून करू नका, मोह होईल तरी. सर्वाधिक ऊर्जेचं उपकरण १ सप्टेंबरला चालू केलं आणि दोनच दिवसांत पट्ट्याचे दोन तुकडे होऊन मधे तिसरं कडं दिसू लागलं, ते जवळजवळ चार आठवडे टिकलं. चित्र देखणं आहे, पण त्याची कथा गळतीची आहे. ८ ऑक्टोबर आणि त्याच्या आधीचा एखादा शांत दिवस घ्या, दोन्ही यानांच्या फाइली, स्थानांच्या फाइलींसह. शांत दिवसाच्या दोन रेघा एकमेकींवर बसल्या की मगच वादळाच्या दिवसाला हात लावा.